केडगावच्या माळावरची बाग

१९८६च्या सुमारास मी दौंड तालुक्यातल्या एका शाखेत शेतीकर्जं पाहत असे. पुण्याहून निघालेल्या गाडीत केडगाव स्टेशन जवळ आलं की डब्यातलं कुणीतरी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या दिशेनं हमखास बोट दाखवायचं. आमच्या घरी आजी हे नाव घेताना आवाज खाली आणायची. बाई विद्वान, पण बाटली, एवढ्यात तिचं रमाबाईपुराण आटपायचं.

परवा माझी भाची घरी आली होती. चांगली शिकलेली पोरगी, दोन वर्षांत दोन नोकऱ्या गेल्या. मामा, पुढचं काही ठरवण्यात आता अर्थच नाही, असं तिनं शांतपणे सांगून टाकलं. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या रात्री मला केडगावची बाग आठवली.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवण्याचा गुन्हा केला होता, आणि त्या आईनं ते लेकीला दिलं. तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरणारं हे कुटुंब १८७०च्या दशकातल्या दुष्काळानं गिळलं. थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरली ही आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देश तुडवत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढं भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, मनोरमा जन्मली आणि १८८२ साली कॉलऱ्यानं नवराही गेला. चोविसाव्या वर्षी कडेवर मूल घेऊन बाई पुण्यात आल्या.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. १८९३ साली धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई सांडली आहे, मी आणखी सांडत नाही.

मला त्यांचा हिशेब पाहायचा आहे. अमेरिकेतल्या मंडळींनी सदनाला दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं होतं. मुदत १८९८ला संपणार हे ओळखून बाईंनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली, पुढं त्या उत्पन्नावर शाळा चालावी म्हणून. बागेसाठी कर्ज मागायला आलेल्याला आम्ही हमखास विचारायचो, फळ कधी धरणार आणि तोवर खाणार काय? बाईंकडे या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर नव्हतं. मी त्यांचा अर्ज परतच पाठवला असता.

आणि झाडं मोठी होण्याआधीच १८९६चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या आल्या तेव्हा बाईंना स्वतःचे उपासाचे दिवस आठवले. गाठीला पैसा पुरेसा नसताना त्या तिकडे गेल्या आणि अनाथ, उपाशी मुली गोळा करून घेऊन आल्या. १८९७ला पुण्यात प्लेगचा बंदोबस्त. नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. मग त्या सगळ्याजणी केडगावच्या माळावर आल्या. पोरींना आधी खाऊ घालायचं, अंघोळी घालायच्या, मग लिहायला शिकवायचं. माग आले, तेलाचा घाणा आला, शेती आली, छापखाना आला. मनोरमा अमेरिकेतून ब्रेल शिकून आली होती; आंधळ्या मुली बोटांनी वाचू लागल्या. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इथल्या मुली ख्रिस्ती झाल्या. भुकेल्याला अन्नाबरोबर धर्म द्यावा का, हा प्रश्न मला आजही बोचतो, आणि तो विचारलाच पाहिजे. पण विचारताना हेही आठवतं की त्या गावांमधून या पोरींना उचलून आणायला माझ्या आजीच्या बाजूची माणसं फारशी गेली नव्हती. बाईंच्या लेखी आशा म्हणजे प्रार्थना होतीच. पहाटे उठून त्या ती करत. मात्र दिवस उजाडला की आज किती जणींना भाकरी लागणार, कुठली पोर मागावर बसवायची, याच कामाला त्या लागत.

तरुणपणीच ऐकू कमी येऊ लागलेल्या बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. साध्या शिकलेल्या बाईला कळेल असं ते हवं होतं. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली होत्या.

१९२१च्या जुलैत मनोरमा गेली, चाळिसाव्या वर्षी. जिच्या हाती सगळं सोपवायचं ती एकुलती एक लेक. त्यानंतरही बाईंचं बायबलचं काम चालूच होतं. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. सबंध ग्रंथ १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला.

येत्या रविवारी भाचीला घेऊन केडगावला जायचं ठरवलं आहे. ती हो म्हणाली आहे. पण गाडीला गर्दी नसेल तरच, अशी अट आहे.