पियानो नाही, पेटी नाही. या माणसाने हातांच्या खुणांवर पोरांना गायला शिकवलं

पोरांना संगीत शिकवायचं तर आधी महागडं वाद्य हवं, हा समज हंगेरीच्या झोल्तान कोदाय यांनी मोडून काढला.

१८८२ साली केच्केमेत इथं जन्मलेले कोदाय म्हणजे रेल्वेच्या स्टेशन मास्तरांचा मुलगा. १९०५ पासून ते खेडोपाडी फिरून लोकगीतं गोळा करू लागले. पुढं संगीतकार बेला बार्टोकही जोडीला आले.

१९२५ साली मात्र काही विद्यार्थिनींचं गाणं त्यांच्या कानावर पडलं आणि ते हादरलेच. शेतकऱ्यांच्या घरात इतकी सुंदर गाणी असताना शाळा पोरांना भिकार गाणी शिकवत होती. मग त्यांनी स्वतःच मुलांसाठी समूहगीतं रचायला घेतली.

पद्धत साधी होती. सुरुवात मातृभाषेतल्या लोकगीतांपासून. वाद्य एकच, गरीब-श्रीमंत सगळ्यांकडे असलेलं, ते म्हणजे गळा. स्वर ओळखायला इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांच्या हातखुणा घेतल्या. 'दो' म्हणजे कमरेजवळ मूठ, स्वर चढला की हातही वर. हा 'दो' आपल्या 'सा'सारखाच पट्टीप्रमाणे सरकतो. त्यामुळं मूल आधी गातं, स्वरलिपी नंतर वाचतं.

१९५० साली केच्केमेतमध्येच रोज संगीताचा तास असणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. १९६७ साली कोदाय गेले. २०१६ मध्ये त्यांच्या पद्धतीनं लोकसंगीत जपण्याच्या कामाला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आज हंगेरीबाहेरच्या शाळांतही पोरं याच खुणांवर गातात, तेही एक रुपयाचं वाद्य न घेता.