मुकुंद रामराव जयकर

मुकुंद रामराव जयकर (१३ नोव्हेंबर १८७३ – १० मार्च १९५९) हे मराठी कायदेपंडित, राजकीय नेते, न्यायाधीश व पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे ते अध्यक्ष होते. ही समिती जयकर समिती या नावाने ओळखली जाते. भारतातील रस्ते संशोधनाची संस्थात्मक उभारणी या समितीच्या शिफारशींपासून सुरू झाली.

जीवन

जयकरांचा जन्म मुंबईत पाठारे प्रभू कुटुंबात झाला. १९०५ साली बॅरिस्टर झाल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. १९२३ साली ते मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून गेले आणि तेथे स्वराज्य पक्षाचे नेते झाले. पुढे पक्षाच्या अडवणुकीच्या धोरणाशी मतभेद झाल्याने ते न. चिं. केळकर व बा. शि. मुंजे यांच्यासह प्रतियोगी सहकारितेच्या मार्गाकडे वळले. १९२६ साली ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद झाले.

रस्ते विकास समिती

पहिल्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या वाढू लागली. बैलगाड्यांसाठी बांधलेले खडीचे रस्ते वेगवान रबरी चाकांखाली उखडू लागले. रस्ते हा विषय प्रांतांकडे व स्थानिक मंडळांकडे होता, परंतु वाढता खर्च त्यांच्या आवाक्यात नव्हता. समितीने १९२८ साली अहवाल सादर केला. रस्त्यांचा विकास हा राष्ट्रीय हिताचा प्रश्न आहे, पेट्रोलवरील जादा करातून स्वतंत्र निधी उभारावा, अभियंत्यांच्या अनुभवांची देवाणघेवाण करणारी संस्था असावी आणि संशोधनाची सोय करावी, अशा तिच्या प्रमुख शिफारशी होत्या.

त्यानुसार १९२९ साली पेट्रोलवरील कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे करण्यात आला व केंद्रीय रस्ते निधी स्थापन झाला. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. संशोधनाच्या शिफारशीला मूर्त रूप येण्यास मात्र जवळपास पाव शतक लागले. दिल्लीतील केंद्रीय रस्ते संशोधन संस्था १९५२ साली सुरू झाली.

रस्त्याच्या हालचालीचे मापन

जड वाहन जाताना डांबरी रस्ता किंचित दबतो व चाक पुढे गेल्यावर पुन्हा वर येतो. या हालचालीस विक्षेप म्हणतात. तो मिलिमीटरच्या अंशात असतो. पण तो जितका अधिक, तितके खालचे थर दुर्बळ समजले जातात. अमेरिकेत १९५०च्या दशकात ए. सी. बेंकलमन यांनी तयार केलेली तुळई या मापनासाठी भारतातही रुळली. ३.६६ मीटर लांबीच्या या तुळईचे टोक भरलेल्या ट्रकच्या मागील जोडचाकांमध्ये ठेवतात. ट्रक पुढे गेला की पृष्ठभागाची उसळी दुसऱ्या टोकाच्या तबकडीवर दिसते. तुळईची टेकू-रचना २:१ प्रमाणात असल्याने तबकडीवरील फरकाची दुप्पट करतात.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९८१ साली या पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत मोजमाप ३५ अंश सेल्सिअस या प्रमाण तापमानाला जुळवून घेतात. पावसाळ्यानंतर जमीन ओलावून मऊ होते, म्हणून मातीचा प्रकार व पर्जन्यमान यांनुसारही दुरुस्ती करतात. मुंबई–गोवा महामार्गावर, जेथून मालवणचा रस्ता फुटतो त्या कसालसारख्या अतिवृष्टीच्या कोकणी भागात ही दुरुस्ती विशेष महत्त्वाची ठरते. अलीकडे रस्त्यावर वजन पाडून, ठरावीक अंतरांवर मांडलेल्या जिओफोन या संवेदकांनी विक्षेप नोंदवणारी यंत्रे वापरतात. त्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे २०१४ साली आली. या मापनावरून रस्त्यावर किती जाडीचा नवा थर द्यावा हे ठरते.

उत्तरायुष्य

तेजबहादूर सप्रू यांच्यासह जयकरांनी काँग्रेस व सरकार यांच्यात मध्यस्थी केली. १९३१चा गांधी–आयर्विन करार व १९३२चा पुणे करार यांत त्यांचा सहभाग होता. १९३७ साली ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १९३९ साली प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर गेले. १९४६ साली ते संविधान सभेवर निवडून आले. त्यांनी सोडलेल्या जागेवर १९४७ साली बाबासाहेब आंबेडकर मुंबईतून निवडून आले. १९४८ ते १९५६ या काळात जयकर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयास त्यांचे नाव आहे.