रिचर्ड ॲलन

रिचर्ड जेम्स ॲलन (४ जून, १९०२, नागपूर – १९६९) हे भारतीय हॉकीपटू आणि भारताच्या पहिल्या तीन ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेत्या हॉकी संघांचे गोलरक्षक होते. १९२८ (ॲम्स्टरडॅम), १९३२ (लॉस एंजेलस) आणि १९३६ (बर्लिन) या तिन्ही स्पर्धांत सुवर्णपदक मिळवणारे केवळ दोन खेळाडू होते. एक ध्यानचंद आणि दुसरे ॲलन. या तीन स्पर्धांतील दहा सामन्यांत ॲलन यांच्यावर फक्त दोन गोल झाले.

पार्श्वभूमी

ॲलन यांचा जन्म नागपूर येथे अँग्लो-इंडियन समाजात झाला. त्या वेळी नागपूर हे ब्रिटिश अमलाखालील मध्य प्रांताचे मुख्य ठाणे होते. शहरालगत कामठीची लष्करी छावणी होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भुसावळहून निघणारा फाटा १८६७ साली नागपूरला पोहोचला होता, तर पूर्वेकडून येणारी बंगाल–नागपूर रेल्वे पुढे याच शहरात येऊन मिळाली. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरतेकडून अमळनेरमार्गे येणारा लोहमार्गही जळगावला मुख्य मार्गास जोडला गेला आणि खानदेश व विदर्भ रेल्वेच्या मोठ्या जाळ्यात आले.

या लोहमार्गांबरोबर भुसावळ, नागपूर, जबलपूर, बिलासपूर अशा जंक्शनच्या गावी रेल्वेच्या वसाहती उभ्या राहिल्या. गार्ड, इंजिनचालक, तारमास्तर आणि कारखान्यातील कारागीर यांपैकी अनेक जण अँग्लो-इंडियन होते. वसाहतीत इन्स्टिट्यूट नावाचा क्लब असे आणि शेजारी खेळाचे मैदान. हॉकीला साहित्य थोडे लागे, त्यामुळे लष्करी छावण्यांप्रमाणेच रेल्वेच्या वसाहतींतही हा खेळ झपाट्याने रुजला. भारताच्या आरंभीच्या ऑलिम्पिक संघांतील बरेच खेळाडू याच वातावरणातून पुढे आले.

शिक्षण आणि आरंभीची कारकीर्द

ॲलन यांचे शिक्षण मसुरीजवळील ओक ग्रोव्ह स्कूल येथे आणि नंतर नैनितालच्या सेंट जोसेफ्स कॉलेजात झाले. ओक ग्रोव्ह ही शाळा ईस्ट इंडियन रेल्वेने १८८८ साली सुरू केली होती. डोंगरावरील अशा निवासी शाळांत रोजच्या दिनक्रमात मैदानी खेळांना अभ्यासाच्या बरोबरीचे स्थान होते.

पुढे ॲलन बंगालकडून खेळू लागले. कलकत्ता हे त्या काळी भारतीय हॉकीचे प्रमुख केंद्र होते. तेथील बेटन चषक स्पर्धा १८९५ साली, तर मुंबईची आगाखान चषक स्पर्धा १८९६ साली सुरू झाली होती. सीमाशुल्क, बंदर आणि रेल्वे या खात्यांचे संघ तेथे नियमित खेळत आणि चांगल्या खेळाडूंना नोकऱ्याही देत.

तत्कालीन गोलरक्षण

ॲलन यांच्या कामगिरीचे मोल कळण्यासाठी त्या काळच्या गोलरक्षणाची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. गोलरक्षकाला शिरस्त्राण किंवा मुखवटा नसे. पायांना क्रिकेटच्या धर्तीचे पॅड, हातात हॉकीची काठी आणि थोडेफार हातमोजे एवढ्यावर त्याला भागवावे लागे. मैदान गवताचे व खडबडीत असल्याने चेंडू अनपेक्षित उसळी घेई. अर्धवर्तुळाच्या आतून मारलेला फटकाच गोल म्हणून ग्राह्य धरला जाई, त्यामुळे फटका अगदी जवळून येई आणि गोलरक्षकाला विचार करायला क्षणाचाही अवधी मिळत नसे.

भारतीय संघाच्या गोलरक्षकापुढे आणखी एक अडचण होती. संघाची आघाडीची फळी इतकी प्रबळ होती, की सामन्याचा बराचसा काळ चेंडू प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात राही. दीर्घ काळ काहीच न करता उभे राहायचे आणि अचानक आलेल्या एखाद्या हल्ल्याच्या वेळी पूर्ण सावध असायचे, असे हे काम होते.

१९२८: ॲम्स्टरडॅम

भारतीय हॉकी महासंघाची स्थापना १९२५ साली ग्वाल्हेर येथे झाली. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ त्याच्या एकच वर्ष आधी, १९२४ साली, पॅरिसमध्ये स्थापन झाला होता. १९२८ च्या ऑलिम्पिकसाठी संघ निवडण्याकरिता कलकत्ता येथे आंतरप्रांतीय स्पर्धा भरवण्यात आली. तीत संयुक्त प्रांत, पंजाब, बंगाल, राजपुताना आणि मध्य प्रांत हे पाच संघ उतरले. निवडलेल्या संघात निम्म्याहून अधिक खेळाडू अँग्लो-इंडियन होते. कर्णधारपद जयपाल सिंग यांच्याकडे देण्यात आले.

हा संघ मार्च १९२८ मध्ये मुंबईहून कैसर-ए-हिंद या बोटीने निघाला. निघण्यापूर्वी मुंबईच्या संघाशी झालेल्या सामन्यात त्याचा पराभव झाला होता. बंदरावर निरोप द्यायला महासंघाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि एक पत्रकार असे तीनच जण हजर होते. या संघाकडून फारशी अपेक्षा कोणी बाळगली नव्हती. १९०८ आणि १९२० चे विजेतेपद मिळवलेल्या ब्रिटनने ॲम्स्टरडॅमच्या हॉकी स्पर्धेत भाग घेतला नाही.

भारताने ऑस्ट्रियाला ६–०, बेल्जियमला ९–०, डेन्मार्कला ५–० आणि स्वित्झर्लंडला ६–० असे हरवले. २६ मे रोजी यजमान नेदरलँड्सविरुद्ध अंतिम सामना झाला. संघातील काही खेळाडू आजारी होते, ध्यानचंद यांना ताप होता आणि जयपाल सिंग संघासोबत नव्हते; नेतृत्व ब्रूम पिनिगर यांनी केले. भारताने हा सामना ३–० असा जिंकला. पाच सामन्यांत भारताने २९ गोल केले आणि ॲलन यांनी पाचही सामन्यांत गोलरक्षण करून एकही गोल होऊ दिला नाही. ऑलिम्पिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक होते. संघ परत आला तेव्हा मुंबईच्या बंदरावर स्वागतासाठी मोठी गर्दी जमली होती.

१९३२: लॉस एंजेलस

जागतिक मंदीमुळे १९३२ च्या स्पर्धेत हॉकीचे केवळ तीन संघ आले: भारत, जपान आणि अमेरिका. भारतीय महासंघालाही प्रवासखर्चासाठी पैसा उभा करताना फार सायास पडले, आणि परतीच्या वाटेवर ठिकठिकाणी सामने खेळून खर्च भागवावा लागला. लाल शाह बुखारी हे कर्णधार होते. संघात ॲलन आणि आर्थर हिंड असे दोन गोलरक्षक होते.

जपानविरुद्धचा सामना भारताने ११–१ असा जिंकला. त्यात हिंड गोलरक्षक होते. ११ ऑगस्ट रोजी अमेरिकेविरुद्ध ॲलन यांना उतरवण्यात आले. भारताने तो सामना २४–१ असा जिंकला. रूपसिंग यांनी १० आणि ध्यानचंद यांनी ८ गोल केले. ऑलिम्पिक हॉकीतील हा सर्वांत मोठ्या फरकाचा विजय आहे.

अमेरिकेच्या एकमेव गोलाविषयी एक आख्यायिका रूढ आहे. खेळ सतत दुसऱ्या टोकाला चालू असल्याने ॲलन गोलच्या मागे उभ्या असलेल्या प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देत होते, आणि तेवढ्यात अमेरिकेच्या खेळाडूने चेंडू आत धाडला, असे सांगितले जाते. ॲलन यांचे नाव आज हॉकीच्या इतिहासात बहुधा या गोष्टीमुळेच घेतले जाते. चार वर्षांपूर्वी सलग पाच सामने गोल अडवून धरल्याची नोंद मात्र त्या मानाने मागे पडली आहे.

१९३६: बर्लिन

बर्लिनच्या स्पर्धेसाठी ध्यानचंद कर्णधार झाले. स्वामी जगन्नाथ व्यवस्थापक आणि पंकज गुप्ता साहाय्यक व्यवस्थापक होते. ॲलन यांची सलग तिसऱ्यांदा निवड झाली. त्या वेळी ते ३४ वर्षांचे होते.

भारताबाहेर पडण्यापूर्वी संघाला दिल्लीत पराभव पत्करावा लागला. बर्लिनला पोहोचल्यावर १७ जुलै रोजी जर्मनीच्या संघाशी झालेला सराव सामनाही भारताने १–४ असा गमावला. आठ वर्षांत युरोपातील संघ बरेच पुढे आले असल्याचे या सामन्याने दाखवून दिले. त्यानंतर ए. आय. एस. दारा यांना भारतातून तातडीने बोलावून घेण्यात आले.

मुख्य स्पर्धेत भारताने हंगेरीला ४–०, अमेरिकेला ७–०, जपानला ९–० आणि उपान्त्य सामन्यात फ्रान्सला १०–० असे नमवले. अंतिम सामन्यात पुन्हा जर्मनीशीच गाठ होती. १४ ऑगस्टला पाऊस झाल्याने सामना दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला खेळवण्यात आला. सामन्यापूर्वी पंकज गुप्ता यांनी कपडे बदलण्याच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा ध्वज आणला आणि खेळाडूंनी त्याला वंदन केले. मैदानावर हा संघ ब्रिटिश हिंदुस्थानचा म्हणून उतरत होता. त्यात हिंदू, मुसलमान आणि अँग्लो-इंडियन असे सर्व समाजांचे खेळाडू होते.

मध्यंतरापर्यंत भारताकडे फक्त एका गोलाची आघाडी होती. जर्मनीला बरोबरी साधू न देता हा काळ काढणे हे बचावफळीचे आणि ॲलन यांचे काम होते. उत्तरार्धात भारताने गोलांची रांग लावली आणि सामना ८–१ असा जिंकला. जर्मनीचा हा गोल म्हणजे संपूर्ण स्पर्धेत भारताविरुद्ध झालेला एकमेव गोल होता. या स्पर्धेत ॲलन चार सामने खेळले.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ च्या ऑलिम्पिक स्पर्धा झाल्या नाहीत. बर्लिनचा अंतिम सामना हा ॲलन यांचा शेवटचा ऑलिम्पिक सामना ठरला.

कामगिरी

१९२८ ते १९३६ या काळात भारत ऑलिम्पिकमध्ये एकूण बारा सामने खेळला. त्यांत भारताने १०२ गोल केले आणि भारताविरुद्ध तीन गोल झाले. बारापैकी दहा सामन्यांत ॲलन गोलरक्षक होते आणि त्यांपैकी आठ सामन्यांत त्यांच्यावर एकही गोल झाला नाही.

या युगाच्या आठवणी प्रामुख्याने ध्यानचंद आणि रूपसिंग यांच्या गोलांभोवती गुंफलेल्या आहेत. गोल करणाऱ्याची नोंद आकड्यांत होते. अडवलेल्या फटक्यांची मोजदाद त्या काळी कोणी ठेवत नसे. ॲलन यांच्या खेळाचे चलचित्र किंवा सविस्तर वर्णन फारसे उपलब्ध नसल्याने त्यांचे मूल्यमापन धावफलकातील शून्यांवरूनच करावे लागते.

ऑलिम्पिक हॉकीत तीन सुवर्णपदके मिळवणाऱ्या भारतीय खेळाडूंत ध्यानचंद, ॲलन, लेस्ली क्लॉडियस, बलबीर सिंग (ज्येष्ठ), रणधीर सिंग जेंटल, रंगनाथन फ्रान्सिस आणि उधम सिंग यांचा समावेश होतो. यांपैकी ॲलन आणि फ्रान्सिस हे दोघे गोलरक्षक होते. क्लॉडियस हेही अँग्लो-इंडियन होते आणि त्यांचा जन्म बंगाल–नागपूर रेल्वेवरील बिलासपूरचा.

अँग्लो-इंडियन हॉकीचा उत्तरकाळ

१९४७ नंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात स्थलांतरित झाली. रेल्वे, तार आणि सीमाशुल्क या खात्यांत त्यांना मिळणारे प्राधान्य टप्प्याटप्प्याने संपले आणि नव्या देशात आपले स्थान काय राहील याची शाश्वती त्यांना वाटेना. त्यांच्याबरोबर हॉकीही परदेशी गेली. १९२८ च्या संघातील रेक्स नॉरिस यांनी पुढे परदेशी संघांना प्रशिक्षण दिले. जबलपूरहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या पीअर्स कुटुंबातील पाच भाऊ त्या देशाकडून हॉकी खेळले. रेल्वेच्या वसाहतींतील मैदाने मात्र हळूहळू ओस पडली.

ॲलन यांचे १९६९ साली निधन झाले. भारतीय हॉकीने ऑलिम्पिकमध्ये मिळवलेले पहिले सुवर्णपदक एकही गोल न स्वीकारता जिंकले गेले आणि त्या पाचही सामन्यांत गोलच्या दांड्यांमध्ये नागपुरात जन्मलेला हा खेळाडू उभा होता. नागपूरच्या आणि एकूणच महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासातील ही एक ठळक नोंद आहे.