जोसेफिन बटलर : शिक्षा बाईलाच का, हे विचारणारी बाई

बेळगावचा कॅम्प, इंदूरजवळचं महू, हैदराबादशेजारचं सिकंदराबाद. इंग्रजांच्या काळात अशा लष्करी छावण्यांमध्ये गोऱ्या शिपायांसाठी बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी व्हायची. या पद्धतीविरुद्ध खुद्द इंग्लंडमध्ये उभ्या राहिल्या त्या जोसेफिन बटलर.

१८२८ मध्ये नॉर्थम्बरलंड परगण्यात त्यांचा जन्म झाला. वडील गुलामगिरीचे कट्टर विरोधक, पती जॉर्ज बटलर शिक्षक आणि धर्मोपदेशक. १८६४ मध्ये त्यांची लहानगी मुलगी एव्हा घरातच उंचावरून पडून गेली. दोन वर्षांनी कुटुंब लिव्हरपूलला आलं. तिथल्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात बायका जहाजांचे जुने दोरखंड उसवायच्या. जोसेफिन त्यांच्यात जमिनीवर बसून दोर उसवू लागल्या. आजारी, निराधार मुलींना त्यांनी स्वतःच्या घरात ठेवून घेतलं.

१८६४ पासून इंग्लंडच्या छावणी आणि बंदरांच्या गावांत नवा कायदा आला होता. पोलिसांना संशय आला की बाईची तपासणी. तिच्याकडे जाणाऱ्या पुरुषाला मात्र काहीच नाही. १८६९ पासून जोसेफिन या कायद्याविरुद्ध गावोगाव बोलू लागल्या. जमाव अंगावर आला, उतरायला जागा मिळेना, तरी त्या हटल्या नाहीत.

सरकारी परवान्याचे अड्डे असले की तिथे मुली पुरवणारे दलाल येणारच, हे त्यांचं म्हणणं १८८० मध्ये ब्रुसेल्सला खरं ठरलं. नोकरीच्या आमिषाने, खोट्या जन्मदाखल्यांवर इंग्लंडच्या अल्पवयीन मुली तिथे नेल्या जात होत्या. जोसेफिन यांनी हे शपथेवर सांगितलं. अड्डेवाल्यांना शिक्षा झाली.

१८८५ मध्ये इंग्लंडमध्ये मुलींचं संमतीवय १३ वरून १६ झालं. १८८६ मध्ये तपासणीचे कायदे रद्द झाले. १८८८ मध्ये हिंदुस्थानातली पद्धत बंद करण्याचा ठरावही पार्लमेंटने केला. छावण्यांत मात्र ती आडमार्गाने चालूच राहिली.

१९०४ मध्ये मुलींच्या व्यापाराविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय करार पॅरिसला झाला. दोन वर्षांनी, १९०६ च्या डिसेंबरात, जोसेफिन गेल्या.

भारताचा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा १९५६ चा. त्याच्या कलम ८ खाली गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल बाईला पहिल्याच गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तोच गुन्हा पुरुषाने केला तर जास्तीत जास्त तीन महिने.