प्लेगच्या सावटातील आशावादी : वाल्देमार हाफकिन

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाहता पाहता ते गजबजलेले शहर रिते होऊ लागले. लोक मिळेल त्या वाहनाने गावाकडे निघाले. जितकी दहशत रोगाची, तितकीच त्यावरील सरकारी उपायांची होती. घरांच्या झडत्या, रुग्णांना बळजबरीने उचलून नेणे, आप्तांची ताटातूट. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, असा समज दृढ झाला होता. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्लाही केला. या भीतीला अडाणीपणा म्हणून हिणवणे सोपे आहे. परंतु ज्या सत्तेवर विश्वास नाही, तिच्या हातचे औषध घ्यायला कोणता शहाणा माणूस सहजी तयार होईल?

अशा शहरात त्याच महिन्यात कलकत्त्याहून वाल्देमार हाफकिन दाखल झाले. वय अवघे ३६. ते वैद्य नव्हते, तर प्राणिशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट अनेक ब्रिटिश डॉक्टरांना अखेरपर्यंत खुपत राहिली.

भयाशी त्यांचा परिचय जुना होता. १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. झारच्या राज्यात ज्यूंच्या वस्त्यांवर होणारे हल्ले त्यांनी तरुणपणी पाहिले आणि स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते सामील झाले. त्यापायी तुरुंगही पाहिला. धर्म बदलला असता, तर विद्यापीठातील मार्ग मोकळा होता. तो त्यांनी बदलला नाही. पुढे गुरू मेचनिकोव्ह यांच्या पाठोपाठ पॅरिसला पाश्चर संस्थेत ते गेले, तेही ग्रंथालयातील कामावर. तेथेच १८९२ साली पटकीची लस तयार करून त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांतून लस टोचत फिरताना हिवतापाने त्यांना जर्जर केले, तरी काम थांबले नाही.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर प्लेगच्या लसीचा उद्योग सुरू झाला. मांसाच्या अर्कात जंतू वाढवायचे आणि मग उष्णतेने मारायचे, ही त्यांची रीत. गोमांस वा डुकराचे मांस येथील लोकांच्या धर्मभावनेला रुचणार नाही, हे जाणून त्यांनी बोकडाचे मांस वापरले. अर्काच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले की त्यांच्या आधाराने जंतू चांगले वाढतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. प्रयोगशाळेच्या चंबूत घरोघरचे तूप! परकीय शास्त्रज्ञाने लोकमनाची एवढी बूज राखावी, हे त्या काळी दुर्मीळच होते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस, तीही १० घन सेंटिमीटर एवढ्या मोठ्या मात्रेत, स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप चढला, वेदना झाल्या. पण ते उठून कामाला लागले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जे कैदी स्वखुशीने पुढे आले, त्यांनाच लस दिली गेली. टोचून घेतलेल्यांत रोग कमी झाला, हे दिसताच नगरातील लोकांचा धीर वाढला. आगाखान यांनी चारचौघांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. सक्तीने जे साधले नाही, ते अशा उदाहरणांनी साधू लागले. १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्रयोगशाळेला प्रशस्त घर मिळाले.

यशाच्या या शिखरावर घाला पडला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली गेली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. एकोणीस घरांचे ते दुःख कोणत्याही निर्दोषत्वाने पुसले जाणारे नव्हते. सारे दगावलेले लोक एकाच बाटलीतून टोचलेले होते. इतर बाटल्यांतील लसीने कोणासही अपाय झाला नव्हता. ती बाटली गावात उघडताना साहाय्यकाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करताच तो बुचासाठी वापरला गेला होता. तरीही दोषाचे खापर परळच्या प्रयोगशाळेवर फुटले. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले.

भीती घालवणाऱ्याच्याच नावाची आता लोकांना भीती वाटावी, असा तो प्रसंग. हाफकिन कडवटपणे देश सोडून मोकळे झाले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी मात्र लंडनमध्ये राहून पुराव्यानिशी वर्षानुवर्षे आपली बाजू मांडली. अखेर १९०७ च्या जुलैत रोनाल्ड रॉस यांच्यासह १० नामांकित शास्त्रज्ञांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहून त्यांची बाजू उचलून धरली आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

त्याच वर्षअखेर ते पुन्हा कलकत्त्यास रुजू झाले. परळचे संचालकपद त्यांना परत मिळाले नाही आणि पूर्वीसारखे मोकळे कामही मिळाले नाही. तरी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास निवृत्त होईपर्यंत ते या देशात राहिले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. तोवर मुंबईतून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लॉझान येथे हाफकिन यांचे निधन झाले.