लक्ष्मीबाई टिळक

नाशिकजवळील जलालपूर येथे १८६८ साली गोखले घराण्यात जन्मलेल्या मनकर्णिकेचा विवाह बालवयातच कवी नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. पतीच्या लहरी व संचारी वृत्तीमुळे हा संसार एका ठिकाणी कधीच स्थिरावला नाही. तथापि त्याचा पायाच ढासळला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी. त्या दिवशी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. निर्णय लक्ष्मीबाईंचा नव्हता. परिणाम मात्र त्यांना भोगावे लागले. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही स्त्री लहानग्या दत्तूसह पंढरपुरास विरहाचे दिवस कंठू लागली.

पुढे त्या पतीकडे परतल्या, त्याही स्वतःचा आचार सांभाळूनच. कालांतराने जातिभेदावरील त्यांची श्रद्धा उडाली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम ध्यानात घेतला पाहिजे. केवळ पतीचे अनुकरण करावयाचे असते, तर मधली पाच वर्षे त्यांनी झगडण्यात घालविली नसती.

१९१९ साली टिळक निवर्तले. शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ ग्रंथरूपाने येऊ लागली. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. राससुंदरी देवींच्या बंगाली ‘आमार जीबन’शेजारी हा ग्रंथ ठेविला असता त्याचे वेगळेपण जाणवते. येथे आघातांची नोंद आहे, परंतु गाऱ्हाणे नाही. पतीवर रुसणारी लेखिका स्वतःच्या फजितीवरही तितक्याच मोकळेपणाने हसते.