विश्लेषण : बीटल्सची नाताळची रेकॉर्ड दुकानात का मिळत नव्हती? जॉन लेननचं आयुष्य त्यात कसं ऐकू येतं?

ब्रिटनमध्ये १९६३ ते १९६९ या काळात दर डिसेंबरला बीटल्सच्या फॅन क्लबच्या सदस्यांना पोस्टाने एक पातळ, वाकणारी रेकॉर्ड यायची. ती फुकट होती आणि विकत मिळत नसे. तिच्यात गाणी कमी, टवाळकी जास्त. या सात रेकॉर्ड्स ओळीने ऐकल्या, तर जॉन लेनन कसा बदलत गेला, ते समजतं.

लेनन कोण होता?

जन्म ९ ऑक्टोबर १९४०, लिव्हरपूल. वडील जहाजावर नोकरीला, त्यामुळे तो मिमी मावशीकडे वाढला. आई ज्युलियाने त्याला बँजोवर बोटं ठेवायला शिकवलं. १९५८ मध्ये मोटारीच्या धडकेत ती गेली, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. त्याआधी वर्षभर, चर्चच्या जत्रेत त्याला पॉल मॅकार्टनी भेटला होता. पुढे हॅम्बर्गचे क्लब, मॅनेजर ब्रायन एपस्टीन आणि १९६३ मध्ये सगळा देश वेडा!

रेकॉर्डची कल्पना कुणाची?

प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या टोनी बॅरोची. चाहत्यांच्या पत्रांचा ढीग साचला होता, उत्तरं वेळेत जात नव्हती. नाराजी घालवायला ही भेट. फ्लेक्सी डिस्क स्वस्त आणि हलकी. पाकिटात मावायची आणि घरच्या प्लेयरवर वाजायची. सुरुवातीची संहिता बॅरोनेच लिहिली, पण ती सरळ वाचेल तो लेनन कसला. गंमत म्हणजे या मोकळ्याढाकळ्या आवाजामागे एक लपवाछपवीही होती. १९६२ मध्येच त्याचं सिंथियाशी लग्न झालं होतं, १९६३ च्या एप्रिलमध्ये मुलगा झाला. तरुण चाहत्या दुरावतील म्हणून सुरुवातीला हे झाकून ठेवलं गेलं.

सूर कधी बदलला?

१९६७ ची रेकॉर्ड चौघांनी एकत्र केलेली शेवटची. त्याच ऑगस्टमध्ये एपस्टीन गेला होता. १९६८ च्या सुरुवातीला चौघे हृषीकेशला महर्षी महेश योगींकडे गेले. परतल्यावर लेननच्या आयुष्यात योको ओनो आली आणि सिंथियाशी घटस्फोट झाला. त्या वर्षीच्या रेकॉर्डसाठी चौघांनी वेगवेगळं बोलून दिलं, रेडिओ निवेदक केनी एव्हरेटने ते जोडलं. लेननने त्यात स्वतःचं लेखन वाचलं. त्यात योकोबरोबरच्या नात्यावर नाकं मुरडणाऱ्यांना टोमणे होते. चाहत्यांच्या भेटीत घरचं भांडण आलं.

१९६९ च्या रेकॉर्डवर बराच वेळ फक्त जॉन आणि योकोच्या गप्पा आहेत. ती घरोघरी पोहोचली, तेव्हा आपण बीटल्स सोडतोय हे त्याने बाकीच्यांना सांगून झालं होतं. ऐकणाऱ्यांना याचा पत्ताच नव्हता!

१९७१ मध्ये लेनन आणि योकोने हार्लेमच्या मुलांच्या समूहगानासह युद्धविरोधी नाताळगीत काढलं. ते मात्र दुकानात मिळत होतं.

८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये घराच्या दारात त्याची गोळ्या घालून हत्या झाली. मारेकऱ्याला काही तासांपूर्वीच त्याने अल्बमवर सही दिली होती.

फॅन क्लबच्या त्या सात रेकॉर्ड्स २०१७ च्या डिसेंबरमध्ये रंगीत विनाइलच्या संचात पहिल्यांदा सर्वांसाठी विक्रीला आल्या.